एकच मोटेट आणि तीन वेगळ्या प्रती: रेनेसांस कोरल संगीताचं नोटेशन कुठून घ्यावं?

चौसूर

नमस्कार. आमचा १७ जणांचा लहान कॉयर आहे. बायकांत वरचा आवाज सोप्रानो ६ आणि खालचा आल्टो ५, पुरुषांत वरचा टेनर फक्त २ आणि खालचा बास ४. मी कंडक्ट करते. आतापर्यंत आम्ही एका छापील पुस्तकातली सोपी गाणी गात आलो. सगळ्यांकडे तेच पुस्तक असायचं, त्यामुळे नोटेशन कुठून आणायचं हा प्रश्नच कधी आला नाही.

या वर्षी सोळाव्या शतकाकडे वळायचं ठरवलं. यादी अशी आहे, सगळे मोटेट, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या लॅटिन धार्मिक रचना: व्हिक्टोरियाचं 'ओ माग्नुम मिस्तेरियुम', पालेस्त्रिनाचं 'सिकुत चेर्वुस', विल्यम बर्डचं 'आवे वेरुम कोर्पुस' आणि आर्काडेल्टचं 'आवे मारिया'. चारही रचना नेटवर फुकट मिळतात असं कळलं, म्हणून मी गटाला फक्त नावं कळवली आणि ज्याने त्याने उतरवून घ्या म्हटलं. ही माझी चूक झाली.

पहिल्या तालमीला व्हिक्टोरिया घेतला. माझ्या प्रतीत सुरुवातीला एक फ्लॅट होता, म्हणजे सूर अर्धा उतरवायची खूण. दोन आल्टोंच्या प्रतीत तीन फ्लॅट, म्हणजे सगळं एक सूर खाली. त्या दोघी घरून सराव करून आल्या होत्या, आणि मी दिलेला सूर त्यांच्या कागदाशी जुळेना. मग मी म्हटलं, चाळिसाव्या बारच्या (दोन उभ्या रेषांमधल्या तुकड्याच्या) आसपास 'ओ बेआता विर्गो' येतं तिथून घेऊ. एका बासच्या प्रतीत ती जागा ऐंशीच्या आसपास निघाली. शेवटच्या आलेलुयात तर तीन प्रतींत सुरांची लांबी तीन प्रकारे लिहिलेली. काहींच्या कागदावर क्रेशेंडो, म्हणजे आवाज वाढवत नेण्याच्या खुणा, होते, काहींच्या कागदावर एकही खूण नव्हती. पाऊण तास गेला आणि गाणं चार ओळींपुढे सरकलं नाही.

आता सगळ्यांसाठी मीच एकेक प्रत निवडून छापणार आहे. पण निवडायची कशी? यातली 'खरी' कोणती? फुकटच्या प्रतींवर भरवसा ठेवता येतो का, की विकतचीच घ्यावी? आणि चांगली प्रत ओळखायला मी, संगीतशास्त्र न शिकलेल्या बाईने, नेमकं काय बघावं? कुणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर सांगा.

बास_दुसरा

आधी ठिकाणं सांगतो. पहिलं कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी, म्हणजे सीपीडीएल. १९९८ पासून चालू आहे. जगभरचे लोक स्वतः टाइप केलेलं नोटेशन तिथे ठेवतात. दुसरं आयएमएसएलपी, म्हणजे पेत्रुच्ची म्युझिक लायब्ररी, २००६ पासून. तिथे मुख्यतः जुन्या छापील पुस्तकांची स्कॅन मिळतात.

सीपीडीएलवर एकेका रचनेच्या पानावर पाच-दहा आवृत्त्या एकाखाली एक दिलेल्या असतात. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने त्यातली पहिली दिसली ती उतरवली असणार. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा क्रमांक असतो. पुढच्या वेळी रचनेच्या नावाबरोबर तो क्रमांक कळवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. आवृत्तीपुढे 'एडिशन नोट्स' अशी ओळ असते, ती वाचायची. पट्टी बदलली आहे का, सुरांची लांबी निम्मी केली आहे का, हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं.

जुनीपानं

चौसूर, तुम्ही विचारलंत की यातली खरी कोणती. तिथूनच सुरू करतो, कारण मला हे कळायला फार वर्षं लागली. मी टेनर गातो. गेली २२ वर्षं याच काळाचं संगीत गातोय, आणि त्यातली पहिली आठ वर्षं हातातल्या कागदावर जे छापलंय ते संगीतकाराने लिहिलंय असं धरून गायलो.

त्या काळी गायकांसाठी स्कोअर नसे. चारही आवाज एकाखाली एक, उभ्या रेषांनी बांधलेले, असं पान गाणाऱ्यांच्या हातात कधी येत नसे. एक तर मोठं कॉयरबुक असायचं, त्यात समोरासमोरच्या दोन पानांवर चारही आवाज वेगवेगळ्या कोपऱ्यांत लिहिलेले, आणि सगळा गट त्या एका पुस्तकाभोवती उभा. नाही तर पार्टबुकं, म्हणजे प्रत्येक आवाजाची वेगळी वही. सोप्रानोच्या वहीत फक्त सोप्रानोचे सूर, बासच्या वहीत फक्त बासचे. बारच्या रेषा नाहीत, टेम्पो नाही, लहान-मोठ्या आवाजाच्या खुणा नाहीत. शब्दसुद्धा कित्येकदा अर्धवट. ओळ पुन्हा म्हणायची असेल तर नुसती 'आयजे' अशी दोन अक्षरांची खूण, कुठलं अक्षर कुठल्या सुरावर बसवायचं ते गाणाऱ्याने ठरवायचं. व्हिक्टोरियाचा 'ओ माग्नुम' १५७२ साली व्हेनिसमध्ये छापला गेला तो असाच, वेगवेगळ्या वह्यांत.

म्हणजे आज तुमच्या हातात जो स्कोअर आहे तो कुणीतरी त्या वह्या समोर ठेवून जुळवलेला आहे. बारच्या रेषा त्या संपादकाच्या. पट्टी बऱ्याचदा त्याची. क्रेशेंडो असतील तर शंभर टक्के त्याचे. तुमच्या तिन्ही प्रती आपापल्या परीने बरोबर असू शकतात. एकाने मूळ सुरांची लांबी तशीच ठेवली, दुसऱ्याने निम्मी केली. एकाने रेषा दुप्पट जवळ मारल्या, म्हणून तुमचा चाळिसावा बार त्या बासचा ऐंशीवा झाला. त्यामुळे 'खरी कोणती' यापेक्षा 'या संपादकाने काय काय केलं ते तो मला सांगतोय का' हा प्रश्न विचारा. जो सांगतो त्याची प्रत घ्या. सांगत नसेल तर कितीही सुबक छपाई असली तरी बाजूला ठेवा.

हे ओळखायचं पहिल्या पानावर. चांगल्या प्रतीत पहिल्या बारच्या आधी, डाव्या बाजूला, एक छोटा तुकडा असतो. त्यात प्रत्येक आवाजाचा मूळ क्लेफ (कुठल्या ओळीवर कुठला सूर ते सांगणारी खूण), मूळ फ्लॅटची खूण, मूळ कालचिन्ह आणि पहिला सूर त्याच्या जुन्या आकारात दिलेला असतो. त्यालाच लागून प्रत्येक आवाजाचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूरही छापलेला असतो. एवढ्यावरून पट्टी हलवली का आणि लांबी बदलली का ते दहा सेकंदांत कळतं. शेवटी किंवा सुरुवातीला मूळ स्रोताचं नाव हवं: कुठल्या सालचं छापील पुस्तक, किंवा कुठल्या ग्रंथालयातलं हस्तलिखित. व्हिक्टोरियाच्या बाबतीत हे मुद्दाम बघा, कारण त्याने आपले मोटेट पुढच्या संग्रहांत पुन्हा पुन्हा छापले आणि छापताना हातही फिरवला.

आता क्लेफबद्दल थोडं लांबण लावतो, कारण तुमच्याकडे टेनर दोनच आहेत आणि पट्टीचा प्रश्न तुम्हाला दर गाण्याला येणार. त्या काळी क्लेफचे दोन संच जास्त चालत. नेहमीच्या संचात सोप्रानोला सी क्लेफ पहिल्या ओळीवर, आल्टोला तिसऱ्या, टेनरला चौथ्या, आणि बासला आपला ओळखीचा एफ क्लेफ. दुसरा संच उंच: सोप्रानोला जी क्लेफ, आल्टोला सी क्लेफ दुसऱ्या ओळीवर, टेनरला तिसऱ्या, आणि तळाच्या आवाजाला एफ क्लेफ तिसऱ्या ओळीवर किंवा सी क्लेफ चौथ्या ओळीवर. याला कियावेत्ते म्हणतात. या उंच संचात लिहिलेलं गाणं प्रत्यक्षात सा-म किंवा सा-प एवढ्या अंतराने खाली उतरवून गायचं, असा प्रघात इटलीत होता. पालेस्त्रिनाचं 'मिसा पापे मार्चेल्ली' असंच उंच क्लेफमध्ये आहे. कागदावर जसंच्या तसं गायलं तर सगळ्यांचे गळे ताणले जातात, आणि लोक म्हणतात पालेस्त्रिना अवघड आहे. मूळ क्लेफ प्रतीत दिलेले असले की हे आधीच दिसतं.

त्यात आणखी एक गोष्ट. आज पियानोची पट्टी ठरलेली आहे. त्या काळी अशी एकच पट्टी सगळीकडे नव्हती. साथीशिवाय गाणारे आपल्या गळ्यांना सोसेल तिथे सूर धरत, जसा आपल्याकडे गायक आपला सा धरतो. त्यामुळे 'ओरिजिनल पिच' असं लिहिलेलं दिसलं की त्याचा अर्थ 'मूळ पुस्तकात लिहिलेले सूर' एवढाच घ्यायचा. एक सूर खाली-वर केल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते अर्धे लोक एका कागदावर आणि अर्धे दुसऱ्यावर असले की, ते तुम्ही अनुभवलंच आहे.

टेनर कमी असलेल्या कॉयरला या संगीतात एक सोय मात्र आहे. त्या काळचा आल्टो बहुतेक ठिकाणी पुरुष गात. त्यामुळे ती ओळ आजच्या बायकांच्या आल्टोला खाली पडते आणि टेनरच्या वरच्या भागात मिसळते. तुमच्या पाच आल्टोंपैकी ज्यांचा आवाज खाली जातो अशा एक-दोघींना टेनरबरोबर उभं करून बघा. प्रत निवडताना आल्टोचा सगळ्यात खालचा सूर आधी वाचा. इंग्लंडच्या रचना निवडताना तर नक्कीच.

स्कॅन हवी असतील तर आयएमएसएलपीवर जुन्या समग्र आवृत्त्या आहेत. पालेस्त्रिनाचे ३३ खंड, ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेलने १८६२ ते १९०७ या काळात काढलेले. व्हिक्टोरियाचे ८ खंड, फेलिपे पेद्रेलने संपादित केलेले, १९०२ ते १९१३, आणि मोटेट पहिल्याच खंडात आहेत. या पुस्तकांबद्दल मला फार आदर आहे. त्या पिढीने ग्रंथालयाग्रंथालयांतून वह्या जमवून, हाताने उतरवून हे संगीत पुन्हा उजेडात आणलं. पण ती गटाच्या हातात देऊ नका. त्यात वरच्या तिन्ही आवाजांना जुनेच सी क्लेफ आहेत. ते वाचता येणारे तुमच्या १७ जणांत किती असतील? ती तुमच्यासाठी ठेवा, टाइप केलेली प्रत पडताळून बघायला.

आणि पडताळाच. फुकटच्या प्रती टाकाऊ असतात असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांतल्या कित्येक छापील पुस्तकांच्या तोडीच्या आहेत. पण त्या तपासायला दुसरा माणूस असेलच असं नाही. एकदा एका मोटेटमध्ये मला टेनर आणि बास सलग दोन सूर ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे तोच सूर एका सप्तकाच्या अंतरावर, सरकताना दिसले. या काळातले संगीतकार असे समांतर ऑक्टेव्ह कटाक्षाने टाळत. शंका आली, म्हणून म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने नेटवर ठेवलेली मूळ टेनरची वही उघडली आणि बोट ठेवून सूर मोजत गेलो. टाइप करताना एक सूर एक ओळ खाली पडला होता. त्या दिवसापासून निदान माझ्या आवाजाची ओळ तरी मी दर वेळी मुळाशी ताडून बघतो. जुने चौकोनी आकार वाचायला सुरुवातीला तासभर जातो, मग सवय होते.

त्या आधीच्या वर्षांतली एक गोष्ट अजून टोचते. एका मोटेटच्या शेवटाला पाच आठवडे आम्ही एक लांब क्रेशेंडो घोटत होतो, कारण कागदावर तो होता. आमचे तेव्हाचे कंडक्टर म्हणायचे, संगीतकाराला इथे आवाज चढवायचा होता. नंतर वही पाहिली तर तिथे साधे सूर, आणि त्यांच्या खाली शब्द. आम्ही पाच आठवडे एकोणिसाव्या शतकातल्या एका संपादकाचं मत गात होतो. ते मत वाईट होतं असंही नाही. पण ते मत आहे हे आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

चौसूर

जुनीपानं, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि लगेच चारही प्रती काढून बसले. माझ्या व्हिक्टोरियात पहिल्या बारच्या आधी काहीच नाही आणि स्रोताचं नावही नाही. दोन आल्टोंनी आणलेल्या तीन फ्लॅटच्या प्रतीत मात्र सगळं आहे: जुने क्लेफ, पट्टी एक सूर खाली घेतल्याची नोंद, १५७२चं पुस्तक. म्हणजे तालमीत मी ज्यांना चूक ठरवलं त्यांचीच प्रत जास्त प्रामाणिक निघाली. पुढच्या वेळी भेटल्यावर त्या दोघींना हे सांगणार आहे.

तीन गोष्टी अजून कळल्या नाहीत. काही शार्पच्या, म्हणजे सूर अर्धा चढवायच्या, खुणा सुराच्या आधी न छापता सुराच्या डोक्यावर छापल्या आहेत. त्या गायच्या की नाही? दुसरं, बर्डच्या 'आवे वेरुम'मध्ये अगदी सुरुवातीला सोप्रानोला एफ शार्प आणि लगेच बासला एफ नॅचरल (न चढवलेला साधा एफ) आहे. गाताना इतकं कानाला लागतं की मला ती छपाईची चूक वाटली. तिसरं, काही सुरांवर आडवा कंस आहे, तो कशासाठी?

आणि आर्काडेल्टच्या 'आवे मारिया'चा मूळ स्रोत मला कुठल्याच प्रतीत सापडत नाही.

आल्टो_४

जुनीपानं यांना वरच्या प्रश्नांची उत्तरं देऊ द्या. मी कॉपीराइटचं आणि फायलींचं सांगते, कारण आमच्या कॉयरच्या प्रती सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे.

बर्ड १६२३ साली वारला. त्याच्या सुरांवर आज कुणाचाच हक्क नाही. पण एखाद्या संपादकाने वर्षभर बसून त्या वह्यांवरून तयार केलेल्या आवृत्तीवर हक्क असू शकतो. जर्मनीत अशा शास्त्रीय संपादनाला प्रकाशनापासून २५ वर्षं संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये तर यावर खटलाच झाला. लायोनेल सॉकिन्स यांनी लालांद या फ्रेंच बरोक संगीतकाराच्या रचनांच्या आवृत्त्या तयार केल्या होत्या, आणि हायपेरियन या रेकॉर्ड कंपनीशी त्यांचा वाद कोर्टात गेला. २००५ साली अपील कोर्टाने संपादकाच्या बाजूने निकाल दिला. लालांद १७२६ मध्ये वारलेला, तरीही. म्हणून 'संगीत जुनं आहे, मग फोटोकॉपी काढायला काय हरकत' हे गृहीत धरू नका. विकतची आवृत्ती घेतलीत तर जितके गाणारे तितक्या प्रती घ्या. सीपीडीएलवर मात्र प्रत्येक आवृत्तीपुढे तिचा परवाना लिहिलेला असतो, आणि बहुतेक संपादकांनी प्रती काढायची मोकळीक दिलेली असते. आयएमएसएलपीचा सर्व्हर कॅनडातल्या कायद्यानुसार चालतो. तिथे मोकळं असलेलं सगळं तुमच्या देशात मोकळं असेलच असं नाही.

फायलींचं म्हणाल तर पीडीएफबरोबर म्युझिकएक्सएमएल, म्हणजे बदल करता येणारी नोटेशनची फाइल, मिळत असेल तर ती नक्की उतरवून ठेवा. ती म्यूझस्कोअर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि म्यूझस्कोअर फुकट आहे. पट्टी एक सूर खाली हवी असेल तर दोन मिनिटांचं काम. फक्त आल्टोची ओळ मोठ्या आवाजात आणि बाकीच्या मंद अशी सरावाची ध्वनिफीतही त्यातूनच निघते. आमच्या गटात नोटेशन न वाचता कानाने शिकणारे चार जण आहेत, त्यांच्यासाठी मी दर गाण्याच्या चार फिती करते. जुन्या आवृत्त्यांबरोबर फिनाले या सॉफ्टवेअरच्या फायली दिसतील. त्यांच्या भरवशावर राहू नका. फिनाले बंद करत असल्याचं कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर केलं आहे. आमच्याकडच्या तसल्या सगळ्या फायली मी गेल्या वर्षी दुसऱ्या स्वरूपात बदलून घेतल्या.

आणि बारचे क्रमांक छापलेले आहेत का ते बघा. नसतील तर छापायच्या आधी घाला. माझ्या अनुभवात तालमीतला सगळ्यात जास्त वेळ 'कुठून घ्यायचं' यात जातो.

जुनीपानं

आल्टो_४ यांनी खटल्याचं सांगितलं ते बरं झालं, संपादकाचं श्रेय फार कमी लोक लक्षात घेतात.

डोक्यावरच्या खुणांबद्दल. सुराच्या आधी, ओळीत छापलेली खूण मूळ पुस्तकातली. डोक्यावर छापलेली संपादकाची. त्या काळचे गायक काही शार्प-फ्लॅट लिहिलेले नसतानाही गात. ओळ संपताना, केडन्सला, मूळ सुराच्या खालचा सूर अर्धा चढवायचा, म्हणजे आपल्या भाषेत कोमल नीच्या जागी शुद्ध नी लावून सा वर यायचं. हे त्यांना शिकवलेलंच असे, म्हणून कुणी लिहीत नसे. याला मुझिका फिक्ता म्हणतात. संपादक तो अलिखित भाग आपल्यासाठी लिहून देतो, पण डोक्यावर लिहितो, म्हणजे हे माझं आहे असं कबूल करून. सुरुवातीला सगळ्या गा. कान तयार झाला की काही ठिकाणी तुम्हालाच वाटेल की इथे नको. ज्या प्रतीत सगळ्या खुणा एकसारख्या ओळीतच घुसडलेल्या असतात ती मी घेत नाही, कारण तिथे कोणती बर्डची आणि कोणती संपादकाची हे कळायला मार्गच उरत नाही.

'आवे वेरुम'मधलं तुम्हाला कानाला लागलं ते चूक नाही. तेच तर ते गाणं आहे! एका आवाजात शार्प आणि पाठोपाठ दुसऱ्यात तोच सूर नॅचरल, याला फॉल्स रिलेशन म्हणतात. टॅलिस, बर्ड, त्यांच्या आधीची पिढी, सगळ्या इंग्रज संगीतकारांना याची ओढ होती. प्रत्येक आवाज आपापल्या वहीतून गायचा, प्रत्येकाची ओळ आपल्यापुरती सरळ चालायची, आणि त्या दोन ओळी एकमेकींना घासून जायच्या. ही रचना बर्डच्या 'ग्रादुआलिया' या संग्रहाच्या १६०५च्या पुस्तकातली आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक उपासनेला बंदी होती आणि बर्ड कॅथलिक होता. त्याचे तीन मास (कॅथलिक उपासनाविधीच्या रचना) तर मुखपृष्ठाशिवाय छापले गेले, ना मुद्रकाचं नाव ना साल. अलंकृत आद्याक्षरांचे लाकडी ठसे किती झिजलेत हे मुद्रकाच्या इतर पुस्तकांशी ताडून अभ्यासकांनी त्यांची वर्षं काढली: १५९२ ते १५९५. अशा लोकांनी बंद दारांआड गायलेलं गाणं आहे ते. ती घासणारी जागा 'दुरुस्त' करू नका. बासला सांगा, नॅचरल ठामपणे लावा.

आडवा कंस म्हणजे मुळात ते दोन-तीन सूर जोडून एकाच आकारात लिहिलेले होते, त्याला लिगेचर म्हणतात. अशा सुरांवर सहसा एकच अक्षर येतं. शब्द कसे बसवावेत याचा तो मुळातला पुरावा आहे.

आता आर्काडेल्ट. स्रोत सापडणार नाही, कारण तसा तो नाहीच. आर्काडेल्टने तीन आवाजांचं एक फ्रेंच प्रेमगीत लिहिलं होतं, 'नू व्हुआयों क् ले झोम'. एकोणिसाव्या शतकात पिएर-लुई डीट्श याने ते चार आवाजांचं केलं, त्यावर लॅटिन प्रार्थना बसवली, आणि १८४२च्या सुमारास ते आर्काडेल्टचं 'आवे मारिया' म्हणून पुढे आलं. पुढे पियानोवादक आणि संगीतकार लिस्ट यानेही ते अस्सल धरून पियानोसाठी घेतलं. गायला ते गोड आहे, चार आवाजांत सोपं बसतं, जरूर गा. फक्त कार्यक्रमपत्रिकेत डीट्शचं नाव लिहा. स्रोत सापडत नाही म्हणून तुम्ही अडलात, हेच मला सगळ्यात आवडलं. मी हेच गाणं सात-आठ कार्यक्रमांत गायलो आणि एकदाही विचारलं नाही.

अवांतर: काही वेळा मूळ वहीच हरवलेली असते. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये जॉन बाल्डविन या गायकाने उतरवलेल्या पार्टबुकांचा एक संच आहे. त्यातली टेनरची वही नाही. जी गाणी फक्त त्याच संचात उरली आहेत त्यांचा टेनर आज कुणीतरी नव्याने रचून द्यावा लागतो. चांगले संपादक तो भाग बारीक टाइपात छापतात. मी शेपर्ड या सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराच्या एका रचनेत असा बारीक टाइपातला टेनर गायलोय. चार ओळी शेपर्डच्या, आणि माझी ओळ आपल्याच काळातल्या एका माणसाने त्यांत नीट बसेल अशी विणलेली. गाताना त्या माणसाबद्दल फार कृतज्ञ वाटलं.

बास_दुसरा

'सिकुत चेर्वुस' घेताना एक बघा. त्याला दुसरा भाग आहे, 'सितिव्हित आनिमा मेआ'. पुष्कळ प्रती पहिल्या भागावरच थांबतात. पहिला भाग एकटा गायला तरी चालतो, पण हरिणाला जशी पाण्याची तशी आत्म्याला देवाची ओढ, एवढं सांगून थांबतो. 'माझा आत्मा तहानला' ही तहान दुसऱ्या भागात येते.

चौसूर

काल तालीम झाली. व्हिक्टोरियाची त्या दोघींचीच प्रत सगळ्यांना दिली, बारचे क्रमांक घालून. आल्टोची ओळ मी पेद्रेलच्या खंडाशी ताडून बघितली. सी क्लेफ वाचायला आधी कागदावर तक्ता करावा लागला, पण जमलं. सूर सगळे तेच निघाले, शब्द दोन ठिकाणी वेगळे बसवलेले होते. ते तिथे गटात दोन्ही प्रकारे गाऊन बघितले आणि आल्टोंनी स्वतः एक निवडला. खालच्या आवाजाच्या एका आल्टोला टेनरजवळ उभं केलं. 'ओ बेआता विर्गो'ला सगळे एकदम थांबून एकत्र उतरतात, तिथे टेनरची ओळ मला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

बासने एफ नॅचरल ठाम लावला. दोन सोप्रानो दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, मी मान हलवून चालू ठेवा म्हटलं.

पालेस्त्रिनाची दोन्ही भाग असलेली, मूळ क्लेफ दाखवणारी एक प्रत सापडली आहे, सीपीडीएलवरच. पुढच्या आठवड्यात ती सुरू करतोय. 'आवे मारिया'च्या पानावर मी आर्काडेल्टच्या नावाखाली पेनाने डीट्शचं नाव लिहिलं आणि मगच प्रती काढल्या.